शब्दाचे देणे : वासमुस आणि खानखोजे

(हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण-तरुणींपुढे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)

हिंजवडीच्या या परिसरात जर्मनीचे नाव कुणालाही परके राहिलेले नाही. आपल्यापैकी कित्येकांचा दिवस जर्मन मोटारींच्या संगणक प्रणाली लिहिण्यात जातो. श्टुटगार्ट म्हटले की आपल्याला मोटारी आठवतात. परंतु याच श्टुटगार्ट नगरीत २२ ऑगस्ट १९०७ रोजी भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामांनी स्वतंत्र भारताचा ध्वज फडकविला होता. त्या काळी भारतीय तरुण जर्मनीकडे पाहत होता तो नोकरीसाठी किंवा कंत्राटासाठी नव्हे. इंग्रजांचा सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी कोण, याचे उत्तर युरोपच्या नकाशावर शोधताना त्याचे बोट जर्मनीवर थांबत होते.

जर्मनीने या तरुणांना काय दिले, याची चर्चा अनेकदा होते. बर्लिनची समिती, गदर चळवळीला मिळालेला पैसा, काबूलला गेलेले शिष्टमंडळ, आपल्या किनाऱ्यापर्यंत कधीच न पोहोचलेली शस्त्रांची जहाजे, या सर्वांवर बरेच लिहिले गेले आहे. मात्र हे सारे ज्या माणसांच्या हातून घडले किंवा घडायचे राहिले, ते जर्मन अधिकारी कोण होते, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. आजचा विषय आहे असाच एक अधिकारी, विल्हेल्म वासमुस. आणि त्याच्या जोडीने, इराणच्या वाळवंटात त्याच्या कार्याशी ज्याचा मार्ग येऊन मिळाला, तो आपल्या वर्ध्याचा पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वासमुसचा जन्म १८८० साली हॅनोव्हर प्रांतातील एका खेड्यात झाला. १९०६ साली तो जर्मन परराष्ट्र खात्यात दाखल झाला. पहिली नेमणूक मादागास्करला मिळाली. १९०९ मध्ये त्याला इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरील बुशहर या बंदरात पाठविण्यात आले. पुन्हा एकदा मादागास्कर, आणि १९१३ मध्ये परत बुशहर. आतापर्यंतची ही कारकीर्द पाहिली तर तीत डोळ्यांत भरण्यासारखे काहीही नाही. बर्लिनच्या दृष्टीने बुशहर म्हणजे उन्हाने भाजणारे, आडबाजूचे एक ठाणे होते.

हिंदुस्थानच्या दृष्टीने मात्र ते आडबाजूचे नव्हते. इराणच्या आखातातील ब्रिटिश रेसिडेंट बुशहरला राहत असे, आणि १८७३ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. पुढे तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. मुंबईची आगबोट तेथे नांगर टाकी, मुंबईचे व्यापारी तेथे पेढ्या चालवीत, हिंदुस्थानला युरोपशी जोडणारी तारायंत्राची वाहिनी बुशहरवरून जाई. १९०७ साली इंग्रज व रशियन यांनी आपसांत करार करून इराणची प्रभावक्षेत्रे वाटून घेतली. त्या वाटणीत इराणला कुणी विचारले नाही. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान येथे तेल सापडले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीतील निर्णायक हिस्सा विकत घेतला. त्यामुळे बुशहरच्या पाठीमागील डोंगरांत राहणाऱ्या तंगिस्तान, दश्ती, दश्तिस्तान या भागांतील टोळ्यांना इंग्रज नकोसे का झाले होते, हे समजण्यास फार विद्वत्तेची आवश्यकता नाही.

वासमुसने येथे एक गोष्ट केली, जी त्याच्या खात्याने त्याला सांगितली नव्हती. तो त्या माणसांमध्ये मिसळला. फारसी शिकला, त्यांच्या खानांच्या घरी राहिला, त्यांच्या वेशात वावरू लागला. त्यांच्या भांडणांची आणि सोयरिकींची माहिती त्याने गोळा केली. हिशेबी मुत्सद्दीपणाचा हा भाग होता, हे खरे. पण केवळ हिशेबापोटी कुणी इतकी वर्षे वाळवंटात काढीत नाही. त्या लोकांविषयी त्याला मनापासून जिव्हाळा होता, असे त्याच्या पुढील आयुष्यावरून मानावे लागते.

महायुद्ध पेटले तेव्हा बर्लिनमध्ये एक महत्त्वाकांक्षी योजना आकाराला येत होती. प्राच्यविद्येचा अभ्यासक मॅक्स फॉन ओपेनहाइम याने पूर्वेकडील देशांसाठी एक प्रचार कार्यालय उभारले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, चंपकरमण पिल्लै, भूपेंद्रनाथ दत्त आदी भारतीय क्रांतिकारक बर्लिन समितीत एकत्र आले. अफगाणिस्तानच्या अमिराला इंग्रजांविरुद्ध उभे करण्यासाठी एक मोहीम निघाली. तिच्यात लष्करी अधिकारी नीडरमायर होता आणि पुढे राजा महेंद्रप्रताप व बरकतुल्ला यांना घेऊन जाणारा राजनैतिक अधिकारी हेंटिग होता. ही मंडळी २ ऑक्टोबर १९१५ रोजी काबूलला पोहोचली. १ डिसेंबरला तेथे स्वतंत्र भारताचे हंगामी सरकार स्थापन झाले. तथापि अमीर हबीबुल्ला मोठा चतुर होता. त्याने सर्वांचे स्वागत केले, करारही केला, आणि युद्धात मात्र उतरला नाही.

वासमुस आरंभी याच मोहिमेत होता. वाटेत तो वेगळा झाला आणि १९१५ च्या आरंभी आपल्या ओळखीच्या दक्षिण इराणकडे वळला. इराणने युद्धात तटस्थता जाहीर केली होती. ती ना इंग्रजांनी पाळली, ना रशियनांनी, ना जर्मनांनी.

आता जो प्रसंग सांगायचा आहे तो आपल्या व्यवसायाशी जवळचा आहे. परवलीचे शब्द आणि सांकेतिक किल्ल्या यांची राखण करणे हे आपल्यापैकी अनेकांचे रोजचे काम. किनाऱ्याजवळील एका खानाने, हैदरखानाने, वासमुसला पकडले आणि इंग्रजांच्या हवाली करण्याची तयारी चालविली. वासमुसच्या सुटकेची जी कथा प्रचलित आहे तिच्यानुसार त्याने आपला घोडा आजारी असल्याचे सोंग केले. रात्रभर दर काही वेळाने तो उठे, पहारेकऱ्यांना सोबत घेऊन घोड्याकडे जाई, परत येई. अखेर पहारेकरी या येरझाऱ्यांना कंटाळले आणि पहाटेच्या सुमारास त्यांनी त्याला एकट्याला जाऊ दिले. तो घोड्यावर बसला आणि दिसेनासा झाला. सामान मात्र मागे राहिले.

सामानासाठी वासमुसने पुढे इराणी अधिकाऱ्यांकडे जो तगादा लावला, त्यानेच इंग्रजांच्या मनात संशय निर्माण केला, असे सांगतात. जीव वाचलेला माणूस कपड्यांच्या पेटीसाठी इतका का तळमळतो? लंडनमध्ये त्या सामानाचा शोध घेण्यात आला आणि त्यात जर्मन परराष्ट्र खात्याचा संकेतकोश सापडला, अशी ही हकीकत आहे. हा कोश म्हणजे शब्दांच्या जागी आकडे देणारे पुस्तक. ते शत्रूच्या हाती पडले की कितीही गुप्त तार पाठविली तरी ती उघड्या पत्रासारखीच. सर्व इतिहासकार ही हकीकत जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. त्याच सुमारास, ९ मार्च १९१५ रोजी, इंग्रजांनी बुशहरच्या जर्मन वकिलातीवर छापा घालून तेथील वाणिज्यदूत लिस्टेमान याला अटक केली होती. कोश त्या छाप्यात मिळाला असावा, असे काहींचे मत आहे. इंग्रज आरमाराच्या गुप्तलेखन विभागाने तो स्वतःच्या बुद्धीने उलगडला, असेही एक मत आहे.

कसेही असो, जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान याने मेक्सिकोला पाठविलेली तार इंग्रजांनी वाचली. अमेरिका युद्धात उतरल्यास मेक्सिकोने जर्मनीशी हातमिळवणी करावी, असा प्रस्ताव तीत होता. १ मार्चला ती तार अमेरिकन वृत्तपत्रांत झळकली आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. याचा फटका कुणाला बसला? जर्मनीला तर बसलाच. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गदर चळवळीतील भारतीयांवर जर्मनांशी कट केल्याचा खटला उभा राहिला. अमेरिका तटस्थ असताना जे काम तेथे बऱ्याच अंशी उघडपणे चालू शकत होते, ते आता शत्रूशी संगनमत ठरले. २३ एप्रिल १९१८ रोजी, खटल्याच्या अखेरच्या दिवशी, भर न्यायालयात एका आरोपीने गदरचे नेते रामचंद्र यांना गोळी घालून ठार केले आणि तोही जागीच मारला गेला. वाळवंटात राहिलेली एक पेटी आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तो न्यायकक्ष यांच्यामधील दुवा पक्का नाही. पण परक्या सत्तेच्या आधाराने उभी केलेली चळवळ त्या सत्तेच्या चुकांचीही वारसदार होते, हे त्या खटल्याने पक्के केले.

पांडुरंग खानखोजे हे त्याच गदर चळवळीतील. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने, लष्करी शिक्षण घ्यायचे हे मनाशी ठरवून वर्ध्याचा हा तरुण घराबाहेर पडला. जपानमार्गे तो अमेरिकेत पोहोचला. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस येथील लष्करी विद्यालयात शिकला आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकला. एका हाताला बंदूक आणि दुसऱ्या हाताला कणीस, अशी ही विलक्षण जोडी होती, आणि पुढे दोन्ही उपयोगास आली. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच प्रमथनाथ दत्त आणि आगाशे या सहकाऱ्यांसह खानखोजे कॉन्स्टॅन्टिनोपलला गेले आणि तेथून बगदादमार्गे इराणात उतरले. इराण, बलुचिस्तान या वाटेने हिंदुस्थानच्या सीमेवर धडक मारायची, वाटेत ब्रिटिशांच्या सेवेतील हिंदी शिपायांना आपल्या बाजूस वळवायचे, ही कल्पना होती.

बुशहरच्या परिसरात वासमुसच्या हालचालींशी त्यांचा मार्ग येऊन मिळाला. या मंडळींचे पहिले काम होते ते हिंदी शिपायांमध्ये पत्रके पोहोचविण्याचे. बुशहरच्या ब्रिटिश छावणीत ९६ वी बेरार पलटण होती. नाव वऱ्हाडचे, वेतन इंग्रजांचे, आणि तिला साद घालणारा माणूस वऱ्हाडच्या उंबरठ्यावरील वर्ध्याचा. जुलै १९१५ मध्ये तंगिस्तानी टोळ्यांनी बुशहरवर हल्ला केला. त्यात दोन ब्रिटिश अधिकारी पडले. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी बुशहर सरळ ताब्यात घेतले. तंगिस्तानचा तरुण नेता रईस अली दिलवारी सप्टेंबरमध्ये मारला गेला. इराणमध्ये आजही त्याची गणना राष्ट्रवीरांत होते.

त्या नोव्हेंबरमधील दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १० नोव्हेंबर १९१५ रोजी शिराझ येथे इराणी सशस्त्र पोलिसांनी ब्रिटिश वाणिज्यदूत ओकॉनर याला तेथील इंग्रज रहिवाशांसह पकडले आणि पुरुष कैद्यांना अहरमच्या गढीत, वासमुसच्या मित्रांच्या ताब्यात नेऊन ठेवले. हा तोच ओकॉनर, जो १९०४ साली यंगहजबंडच्या सैन्यासमवेत ल्हासापर्यंत गेला होता. त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ नोव्हेंबर रोजी, लाहोरच्या कारागृहात कर्तारसिंग सराभा आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे यांना अन्य साथीदारांसह फाशी देण्यात आले. पिंगळे आणि खानखोजे एकाच गदर चळवळीचे. एक पूर्वेकडून मायदेशी परतला आणि मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला. दुसरा पश्चिमेकडून येत होता आणि वाटेतच अडकला.

वासमुस आता इंग्रजांच्या डोळ्यांत सलू लागला. त्याच्या शिरावर बक्षीस लागले. त्याच्याकडे सैन्य नव्हते, तोफा नव्हत्या, बर्लिनहून येणारी मदतही लवकरच आटली. त्याच्याजवळ होता तो फक्त शब्द. या शब्दाचा त्याने भलाबुरा दोन्ही वापर केला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कैसरने इस्लाम स्वीकारला आहे, कैसरशी आपले बिनतारी यंत्रावरून थेट बोलणे होते, अशा वावड्या त्याने उठविल्याचे सांगितले जाते. ज्या माणसांनी त्याला जेवू घातले त्यांचीच ही फसवणूक होती. युद्धकाळात सर्वच पक्ष असे करतात, एवढेच त्याचे समर्थन होऊ शकते आणि ते पुरेसे नाही. परंतु त्याने आणखी एक वचन दिले होते. टोळ्यांनी माणसे द्यावीत, धान्य द्यावे, जर्मनी युद्धानंतर त्याची भरपाई करील. हे वचन देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला होता, असा प्रश्न त्याचे वरिष्ठ पुढे विचारणार होते. खानांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी जर्मनी म्हणजे समोर बसलेला वासमुस.

१९१६ मध्ये पर्सी साइक्सने दक्षिण इराणात इंग्रजांच्या बाजूची रायफल पथके उभी केली. ऑगस्टमध्ये अहरमचे कैदी अदलाबदलीत सुटले. खानखोजे व त्यांचे साथीदार किरमान आणि बलुचिस्तानच्या दिशेने सरकले. तेथील चकमकींत खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि इराणी वेशात कश्काई टोळ्यांच्या आश्रयाने राहिले. शिराझमध्ये वृद्ध क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद इंग्रजांच्या हाती पडले आणि १९१७ च्या सुमारास तेथेच त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानच्या सीमेवर धडक मारण्याची योजना वाळूत विरून गेली.

युद्ध संपले तेव्हा वासमुस अजून मोकळाच होता. १९१९ मध्ये तो पकडला गेला आणि १९२० मध्ये जर्मनीला परतला. कैसर पदच्युत होऊन हॉलंडला गेलेला, नाणे रोज घसरणारे, परराष्ट्र खात्यात नवे चेहरे. अशा खात्यात एक वाळवंटी माणूस दारोदार फिरून सांगू लागला की इराणातील अमुक खानाचे एवढे देणे आहे, तमुक खानाचे एवढे. ज्या साम्राज्याच्या नावाने वचन दिले ते साम्राज्यच उरले नव्हते. कायद्याच्या भाषेत या देण्याला काहीच आधार नव्हता. एखाद्या व्यवहारी अधिकाऱ्याने फाइल मिटली असती आणि त्याला कुणी दोषही दिला नसता.

वासमुसने फाइल मिटली नाही. १९२४ च्या अखेरीस तो बुशहरला परतला. बुशहरच्या मागे चाहगोदक येथे त्याने जमीन घेतली. कल्पना अशी की आधुनिक पद्धतीने शेती करायची, तिच्या उत्पन्नातून टोळ्यांचे देणे फेडायचे, आणि टोळीवाल्यांना नवी शेतीही शिकवायची. राजनैतिक सेवेच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण शोधून काढणे अवघड आहे. वकिलातीत बसून दिलेले वचन निवृत्त अधिकारी नांगर धरून फेडायला निघाला होता.

शेती बुडाली. पाऊस बेभरवशाचा, माती खारी, आणि माणसेही आता पूर्वीची नव्हती. जुन्या खानांपैकी प्रमुख मारले गेले होते. त्यांच्या वारसांना वासमुसचे प्रेम आठवत नव्हते, येणे मात्र आठवत होते. वाद झाले, खटले झाले. त्यात रझाशहाच्या नव्या राजवटीला टोळ्यांची जुनी सत्ता मोडून काढायची होती. एप्रिल १९३१ मध्ये तो कफल्लक होऊन बर्लिनला परतला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वारला. वय अवघे ५१. १९३६ साली त्याचे चरित्र लिहिले ते ख्रिस्तोफर साइक्स या इंग्रजाने, ज्याने त्याला जर्मन लॉरेन्स म्हटले. लॉरेन्सशी ही तुलना एका बाबतीत अपुरी आहे. अरबांना दिलेला शब्द आपल्या सरकारने मोडला याची खंत लॉरेन्सने जन्मभर केली, ग्रंथात लिहिली. वासमुस तो शब्द फेडायला जमिनीच्या तुकड्यावर जाऊन राहिला.

योगायोग असा की ज्या १९२४ मध्ये वासमुस इराणात शेतकरी झाला, त्याच १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोहोचले आणि तेही मातीकडेच वळले. मधल्या काळात ते बर्लिनला गेले होते, १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांसमवेत मॉस्कोलाही गेले होते. तेथूनही रिक्त हाताने परतले. जर्मनी झाली, रशिया झाला. परकी मदत आपल्याला का देण्यात येते आणि कधी काढून घेण्यात येते, याचे खानखोजेंइतके प्रत्यक्ष शिक्षण फार थोड्या भारतीयांना मिळाले असेल. त्यांच्याजवळ आता राहिले होते ते अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. वासमुसची शेती बुडाली आणि खानखोजेंची फळाला आली, याचे एक साधे कारण असे की खानखोजे ती विद्या शिकलेले होते. हेतू शुद्ध असला तरी शेती हेतूवर पिकत नाही.

मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिवेरा याने तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र काढले आहे. भोजनाच्या मेजाभोवती श्रमिक बसले आहेत आणि मधोमध बसून भाकरी मोडणारा पुरुष आहे पांडुरंग खानखोजे. वर्ध्याच्या माणसाचा चेहरा दुसऱ्या खंडात अन्नदात्याचा चेहरा म्हणून रंगविला गेला, आणि वर्ध्यात ते कित्येक वर्षे कुणाला ठाऊकही नव्हते.

मायदेशाचे दार मात्र बंदच राहिले. ब्रिटिशांनी घातलेली प्रवेशबंदी इतकी चिवट होती की देश स्वतंत्र होण्याच्या सुमारासही त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला. पुढे तो निर्बंध उठला. १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने त्यांना शेती धोरणाच्या कामासाठी बोलाविले आणि काही वर्षांनी ते सहकुटुंब नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले. वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र मराठीत आणले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत वडिलांची कहाणी लिहिली. तिचे शीर्षकच आहे, आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन.

१९७० च्या दशकात इराणी दूरचित्रवाणीने तंगिस्तानच्या वीरांवर एक मालिका काढली आणि तीत वासमुसचे पात्र घरोघरी पोहोचले. इराणी माणूस त्याला विसरलेला नाही. जर्मनीतील तरुणांना त्याचे नाव विचारून पाहावे. जर्मन सहकाऱ्यांशी आपले रोज बोलणे होते, एखाद्या बैठकीनंतर हा प्रश्न सहज टाकण्यासारखा आहे. आणि त्यांनी उलट विचारले की तुमच्या खानखोजेंचे स्मारक कुठे आहे, तर एक उत्तर हाताशी असू द्यावे : सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले, ते मेक्सिकोत, चापिंगोच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात.